दूध नको, गहू नको, काजूही नको : मग दिवाळीला गोड काय तळावे?

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत चकली मऊ का पडली आणि शंकरपाळे तेलात का विरघळले, हे प्रश्न हमखास असतात. या खेपेस मात्र नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर वेगळा आहे. घरात कोणाला तरी दुधाची, गव्हाची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे आणि तरीही सणाला कढई चढवायची आहे. त्यांतली तळणीच्या गोडाविषयीची निवडक पत्रे येथे घेतली आहेत. ॲलर्जीचे निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. निदान झाल्यावर स्वयंपाकघरात काय करावे, एवढाच या उत्तरांचा आवाका आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा सहा वर्षांचा नातू दिवाळीला पुण्याहून आमच्याकडे येणार आहे. त्याला दुधाची आणि काजूची ॲलर्जी असल्याचे डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले आहे. माझी भाचीही त्याच सुमारास येते. तिला सिलिॲक आजार असल्यामुळे गहू पूर्ण वर्ज्य आहे. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला गुलाबजाम ठरलेले असतात. खव्याऐवजी सोयाबीनच्या दुधाची पावडर आणि मैद्याऐवजी बाजारातले ग्लूटेनमुक्त पीठ घालून ते करावेत का? आणि तळायला घरचे लोणकढे तूप चालेल ना? लोणी कढवल्यावर त्यात दूध राहतच नाही, असे मला वाटते.
— एक आजी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आजी, तुपाचे आधी सांगते, कारण चूक होण्याची शक्यता तेथेच अधिक आहे. लोणी कढवताना तळाशी जी बेरी बसते, ती म्हणजे मुख्यतः दुधातली प्रथिनेच तपकिरी झालेली असतात आणि दुधाची ॲलर्जी ही त्या प्रथिनांचीच असते. आपण तूप गाळून घेतो तेव्हा बेरीचा मोठा भाग निघून जातो, पण अंशमात्र प्रथिने तुपात उरतातच. तूप कितीही निवळशंख दिसले, तरी नातवाच्या वाट्याच्या पदार्थात ते घालू नये आणि ते पदार्थ त्यात तळूही नयेत. तळण्यासाठी रिफाइंड सूर्यफुलाचे किंवा राइस ब्रॅन तेल घ्यावे.

आता गुलाबजाम. खव्यातली दुधाची प्रथिने आणि मैद्यातले ग्लूटेन (गव्हातले चिकट प्रथिन) मिळून गुलाबजामाचा गोळा धरून ठेवतात, त्याला पाक पिण्याजोगे पोत देतात आणि खव्याची चव तर वेगळी सांगायलाच नको. दोन्ही काढून टाकल्यावर उरतो तो गोड पाकात बुडवलेला एक वडा. शिवाय सोयाबीन हेही ॲलर्जी आणणाऱ्या नेहमीच्या पदार्थांपैकी एक आहे. नातवाला ते चालते की नाही, हे माहीत नसताना सणाच्या दिवशी ते प्रथमच ताटात वाढणे योग्य नाही. एकाच्या जागी दुसरे घालून जुन्या पदार्थाची नक्कल करण्यापेक्षा, ज्यात मुळातच दूध, गहू आणि काजू लागत नाहीत असा आपल्याकडचाच पदार्थ निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पदार्थ म्हणजे अनारसे. तांदूळ, गूळ आणि खसखस एवढ्यावर ते होतात. तूप हे फक्त मोहनासाठी आणि तळणीसाठी लागते, तेव्हा त्याच्या जागी तेल घेतले की काम झाले. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचे वाण देणाऱ्या घरांत या पदार्थाचा मान गुलाबजामापेक्षा कमी नाही, त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्यातही तो शोभेल.

तांदूळ जुना, जाडसर आणि फारसा चिकट नसलेला घ्यावा. इगतपुरीकडचा नवा इंद्रायणी भाताला उत्तम असतो, पण अनारशाला त्याचा चिकटपणा नडतो. अर्धा किलो तांदूळ स्वच्छ धुऊन तीन दिवस भिजत घालावा आणि रोज सकाळी पाणी बदलावे. पाणी बदलायचे राहिले, तर आंबूस वास पिठात उतरतो आणि तो वेलदोड्यानेही झाकला जात नाही. चौथ्या दिवशी तांदूळ निथळून धुतलेल्या सुती कापडावर सावलीत, पंख्याखाली पसरावा. तो हाताला ओलसर लागावा, पण मुठीत धरून सोडल्यावर तळव्याला फारसा चिकटू नये. त्याच क्षणी तो दळायला घ्यावा. पूर्ण वाळला तर पुढे पीठ गुळाशी नीट एकजीव होत नाही आणि फार ओला राहिला तर पातळ होते.

हे दळण गिरणीत नेऊ नये. भाचीच्या दृष्टीने या पत्रातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे. गल्लीतल्या गिरणीत आपल्या आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतोच. जात्याच्या दगडांत, पीठ पडण्याच्या नळीत आणि कापडी पिशवीत तो शिल्लक राहतो आणि पुढच्या तांदळात मिसळतो. घरची घरघंटी असली आणि तीत कणीक दळली जात असली, तर तीही चालणार नाही. अनारशाचा तांदूळ ओलसर असल्यामुळे मिक्सरच्या भांड्यात सहज बारीक होतो, त्यामुळे गिरणीची गरजच पडत नाही. भांडे मात्र आधी घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, झाकणाच्या रबरी कड्याखालची खाच बोटाने तपासून घ्यावी. त्या खाचेत दाण्याचे कूट आणि काजूची पेस्ट आठवडेच्या आठवडे दडून बसलेली असते.

चाळणीचेही तसेच आहे. कणकेची चाळणी कितीही आपटली, खळबळून धुतली, तरी जाळीच्या तारा जेथे कडेला वळवलेल्या असतात तेथे पीठ अडकून राहते. ते ओले होऊन वाळले की खरवडूनही निघत नाही. म्हणून या कामासाठी नवी चाळणी घ्यावी. सराफ बाजाराला लागून असलेल्या भांडीबाजारात ती थोडक्या पैशांत मिळेल. तिच्यावर खूण करून ती वेगळी ठेवावी. लाकडी पोळपाट वापरूच नये. अनारसे थापायला केळीचे पान किंवा जाड प्लास्टिकचा कागद पुरतो.

चाळलेले पीठ वजन करून घ्यावे. अर्धा किलो पिठाला सुमारे ४०० ग्रॅम किसलेला गूळ आणि पोहे खायचा एक चमचा तेल घालून चांगले मळावे, मोठे गोळे करावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस ठेवून द्यावेत. तांदळातली ओल गुळाला पाझर फोडते आणि कोरडे वाटणारे पीठ हळूहळू सैल व मऊ होते. थंडी लवकर पडली तर एक-दोन दिवस अधिक लागतात. पीठ झाल्यावर लगेच तळायचे नसेल, तर डबा फ्रीजमध्ये ठेवावा. थापण्यापूर्वी पीठ मळताना दुधाचा हात लावण्याची अनेक घरांत पद्धत आहे. ती सवयीने होऊन जाते, म्हणून मुद्दाम लिहिते की येथे दुधाऐवजी पिकलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा किंवा पाण्याचा हबका वापरावा.

तळताना लिंबाएवढी गोळी खसखशीवर थापावी आणि खसखशीची बाजू वर ठेवून मध्यम आचेच्या तेलात अलगद सोडावी. अनारसा उलटायचा नाही. झाऱ्याने कडेचे तेल त्याच्यावर उडवत राहायचे, म्हणजे वरून जाळी पडते. बाहेर काढल्यावर तो मऊ असतो, तेव्हा दोन झाऱ्यांमध्ये धरून निथळावा आणि चाळणीत उभा ठेवावा. गार झाला की कडक होतो.

पहिला अनारसा तेलात पडताच हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर घाबरून जाऊ नये. पिठात गूळ किंवा ओल जास्त झाली असेल, नाहीतर तेल पुरेसे तापलेले नसेल. आधी आच थोडी वाढवून एक टाकून पाहावा. तरीही हसला, तर त्याच नव्या चाळणीतून चाळलेले तांदळाचे कोरडे पीठ थोडे मिसळून तासभर झाकून ठेवावे. त्यासाठी मूठभर पीठ गूळ घालण्यापूर्वीच बाजूला काढून वाळवून ठेवलेले बरे. आयत्या वेळी शेजारून आणलेले तांदळाचे पीठ गिरणीतलेच असते. तेलातल्या अनारशाला तुपातल्याइतकी नाजूक जाळी पडत नाही आणि तुपाचा खमंगपणाही येत नाही, हे खरे. पण तो कुरकुरीत होतो.

एवढे करून नातू आणि भाची दोघांचेही भागते. खसखस मात्र पाकीटबंद आणि लेबल वाचून घ्यावी. किराणा दुकानात सुटी घेतली, तर एकच माप काजूच्या पोत्यातून खसखशीच्या डब्यात जाते. तळणीचा क्रमही ठरवून ठेवावा. नवे तेल, स्वच्छ कढई, पहिला घाणा अनारशांचा. ते डब्यात भरून झाकण लागल्यावर मग बाकीच्यांच्या करंज्या आणि शंकरपाळे.

प्रश्न : माझ्या मुलीला फक्त दुधाची ॲलर्जी आहे. तिला शाळेतल्या मैत्रिणींसारखे गुलाबजामच हवेत, दुसरे काही नको. तयार पाकिटातले गुलाबजाम मिक्स पाण्यात भिजवले तर चालेल का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही. बहुतेक गुलाबजाम मिक्समध्ये दुधाची पावडर हाच मुख्य घटक असतो. ते पाण्यात भिजवल्याने दुधाचे प्रमाण बदलत नाही. पाकिटावर हिरवा ठिपका आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण शाकाहाराच्या त्या खुणेत दूध बसते.

मुलीचा हट्ट पुरवायचाच असेल, तर रताळ्याचे करावेत. उपवासाचे म्हणून ते आपल्याकडे काही घरांत होतातच. पाव किलो रताळी उकडण्याऐवजी वाफवावीत, म्हणजे पाणी शिरत नाही. सोलून, गार करून किसावीत आणि चांगली मळावीत, एकही दोरा किंवा गाठ राहू देऊ नये. त्यात शिंगाड्याचे पीठ पोहे खायचे चार चमचे आणि आरारूट दोन चमचे घालून मऊ गोळा करावा. रताळ्यातल्या ओलीप्रमाणे पीठ थोडे कमी-जास्त लागेल. हाताला तेल लावून सुपारीएवढ्या गोळ्या वळाव्यात. भेग राहिली तर ती तळताना उकलते, म्हणून गोळी तळव्यात दाब देऊन वळावी. रताळ्यात स्वतःची साखर असल्याने रंग झटकन चढतो आणि आतून कच्चे राहते. यासाठी आच मंदच ठेवावी आणि आधी एकच गोळी टाकून पाहावी. ती फुटली तर आरारूट वाढवावे.

पाकासाठी साखर आणि पाणी समभाग घेऊन बोटाला चिकट लागेपर्यंत उकळावे, तार येऊ देऊ नये. गोळ्या कोमट पाकात अर्धा तास ठेवाव्यात आणि बाहेर काढाव्यात. खव्याच्या गुलाबजामासारखे रात्रभर मुरत ठेवले, तर सकाळी पाकात रताळ्याची खीर सापडेल. चव चांगली लागते, पण ती रताळ्याची असते. मुलीला आधीच सांगून ठेवावे, मैत्रिणींच्या डब्याशी तुलना करायला ती मोकळी आहे.

प्रश्न : माझ्या अडीच वर्षांच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. सासूबाई म्हणतात की गाईचे दूध बाधते तर शेळीचे द्यावे आणि करंजीला बोटभर तूप लावले तर काही होत नाही, उलट थोडे थोडे पोटात गेले की सवय होते. मी विरोध केला की घरात वाद होतो. आपण काय सांगाल?
— एक सून, सिडको, नाशिक

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे मायेपोटीच आहे, पण या बाबतीत आपण ठाम राहावे. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिने एकमेकांशी बरीच मिळतीजुळती असतात. त्यामुळे गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना म्हशीचे आणि शेळीचे दूधही बाधते. देशी गाईच्या तुपाचेही तेच. हे सासूबाईंना आपण सांगण्याऐवजी पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांनाच सोबत न्यावे. सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत आपल्या घरांत किती फरक पडतो, हे मी वेगळे लिहायला नको.

थोडे थोडे देऊन सहनशक्ती वाढवण्याची उपचारपद्धती वैद्यकशास्त्रात आहे, परंतु ती मोजलेल्या मात्रेत आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालते. करंजीला लावलेल्या बोटभर तुपाचे माप कोणाकडेच नसते. काही मुलांना आधी नुसती गांधी उठते आणि पुढच्या वेळी तेवढ्याच अंशाने जोरदार त्रास होतो, म्हणून मागच्या वेळी काही झाले नाही हा पुरावा धरता येत नाही. ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप लागणे, लागोपाठ उलट्या होणे किंवा मूल एकदम मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसले तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसू नये. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय असतो, तेव्हा थेट रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दिवाळीत कोणत्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग चालू आहे, याची चौकशी फराळ करायला घेण्याआधीच करून ठेवावी.

प्रश्न : मला दूध पचत नाही, पोट फुगते आणि जुलाब होतात. डॉक्टर म्हणाले, लॅक्टोज पचत नाही. तेव्हापासून पत्नीने माझे तूपसुद्धा बंद केले असून यंदा अनारसेही तेलातच तळणार असे ती म्हणते. हे आवश्यक आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : नाही. लॅक्टोज न पचणे ही ॲलर्जी नव्हे. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे आणि ती फोडणारे लॅक्टेज नावाचे विकर आपल्या आतड्यात कमी पडते, एवढाच तो प्रकार आहे. त्यात त्रास होतो, पण जीवावर बेतत नाही. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतेच. म्हणून आपल्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर आपले अनारसे तुपात तळायला काहीच अडचण नाही. हे उत्तर वहिनींना वाचून दाखवावे. खव्याची करंजी आणि बासुंदी मात्र बेतानेच.

प्रश्न : आमच्याकडे सणाला पुरणपोळीबरोबर गव्हाच्या कुरडया तळतात. त्याच तेलात नंतर गोडाचे तळले तर गव्हाची ॲलर्जी असलेल्या माणसाला चालेल का? एवढ्या कढत तेलात सगळे जळूनच जात असेल ना? आणि आम्ही लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल वापरतो, ते शुद्ध असल्याने उत्तम, असे ऐकले आहे.
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : कढत तेलात जंतू मरतात, ग्लूटेन मरत नाही, कारण ते जिवंत नसतेच. ते प्रथिन आहे. तळण्याच्या उष्णतेने त्याचे रूप काहीसे बदलते, पण बाधण्याचा गुण पुरता जात नाही. कुरडई तेलात फुलताना तिचे बारीक तुकडे तुटतात आणि तळाशी बसतात. तेल गाळले तरी त्यांतले सर्वांत बारीक कण कापडातून निसटतात. तेव्हा कुरडयांचे तेल गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक असलेल्याच्या पदार्थाला वापरू नये. शेव आणि चकलीच्या तेलाबाबतही हाच नियम पाळावा, मग त्यांत गहू नसला तरीही. बाजारातले बांधणी हिंग बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळून केलेले असते आणि ते चकलीच्या पिठात गेलेले असते.

घाण्याच्या तेलाचे उत्तर माणसागणिक वेगळे आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी घरात कोणालाच नसेल, तर ते खुशाल वापरावे. ती असेल, तर रिफाइंड तेलापेक्षा घाण्याचे तेलच अधिक धोक्याचे ठरते, कारण ते फक्त गाळलेले असते आणि त्यात दाण्याची प्रथिने उरतात. रिफाइंड करताना ती जवळजवळ सगळी निघून जातात. शुद्धता आणि निर्धोकपणा या दोन गोष्टी येथे एकमेकींच्या विरुद्ध दिशेला आहेत, हे घाण्याच्या तेलाचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. तोच घाणा तीळ आणि खोबऱ्यालाही वापरला जातो, हेही विचारून घ्यावे.

प्रश्न : आमचा महिला बचत गट दिवाळीचा फराळ विकतो. अनारशात गहू नसतो, तेव्हा यंदा पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापावे, असा विचार आहे. ते योग्य होईल का? करंजीच्या सारणात काजूऐवजी चारोळी घालून ‘काजूविरहित’ असेही लिहिता येईल का?
— एका बचत गटाच्या सदस्या, ओझर

उत्तर : अनारशात गहू नसतो, पण तुमच्या खोलीत असतो. एकीकडे शंकरपाळ्यांचा मैदा मळला जात असताना दुसरीकडे थापलेला अनारसा ग्लूटेनमुक्त राहिला, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. हवेत उडालेला मैदा तासन्‌तास खाली बसत राहतो. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ते प्रयोगशाळेतच तपासता येते, चवीवरून किंवा विश्वासावरून नाही. तपासणी करून घेणे शक्य नसेल, तर तो शब्द छापू नये. त्याऐवजी घटक स्वच्छ शब्दांत लिहावेत : तांदूळ, गूळ, खसखस, सूर्यफुलाचे तेल. आणि त्याखाली, ‘हा पदार्थ जेथे तयार होतो तेथे गहू, दूध आणि काजू हाताळले जातात,’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत द्यावे. त्यामुळे काही गिऱ्हाइके कमी होतील, पण ज्यांनी घेऊ नये तीच होतील.

प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणावरील सल्फाइट यांचा उल्लेख पाकिटावर करणे बंधनकारक आहे. तीळ आणि खसखस त्या यादीत नाहीत, तरीही घटकांमध्ये त्यांची नावे गाळू नयेत. तिळाची ॲलर्जी असलेली माणसे आहेत आणि ती लेबल अखेरच्या अक्षरापर्यंत वाचतात.

चारोळीचे वाचून मात्र मी थबकले. काजू, पिस्ता आणि चारोळी ही तिन्ही एकाच वनस्पतिकुळातली आहेत. काजूची ॲलर्जी असलेल्यांना पिस्ताही बहुधा बाधतो. चारोळी प्रत्येकालाच बाधेल असे नाही, पण काजूला पर्याय म्हणून ती सुचवणे धाडसाचे आहे. ‘काजूविरहित’ हे शब्द वाचून नेमका तोच गिऱ्हाईक पाकीट उचलणार, ज्याला ती चालणार नाही. सुके खोबरे, खसखस आणि भाजलेले मगज बी यांचे सारण करावे आणि तीही नावे लिहावीत.

प्रश्न : माझ्या पतींना दमा आहे. सारणात घरचेच बेदाणे घालते, तरी दोन वेळा करंजी खाल्ल्यावर त्यांना धाप लागली. बेदाण्यांचा संबंध असू शकतो का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : असू शकतो. पिवळेधमक बेदाणे करण्यासाठी द्राक्षांना गंधकाची धुरी देतात. त्यातून उरणारे सल्फाइट दम्याच्या काही रुग्णांना बाधते. आपले बेदाणे घरचे असले, तरी धुरी दिली होती का, हे ज्यांनी ते वाळवले त्यांना विचारावे. धुरी न दिलेला काळा मनुका वापरून पाहण्यापूर्वी छातीच्या डॉक्टरांशी बोलावे, कारण करंजीत खवा, मैदा आणि सुका मेवाही होता आणि दोष त्यांपैकी कशाचाही असू शकतो. फार स्वच्छ पिवळा दिसणारा गूळही टाळावा. रंग उजळण्यासाठी गुळात हायड्रोस घालतात आणि तेही गंधकाचेच संयुग आहे.

प्रश्न : मुलगी दुबईला असते. तिच्या मुलाला दूध चालत नाही, म्हणून आपण सांगता तसे तेलातले अनारसे कोणाबरोबर तरी पाठवावेत असे वाटते. प्रवासात टिकतील ना?
— एक आई, गंगापूर रोड

उत्तर : घट्ट डब्यात ते पंधरा दिवस सहज टिकतात, पण खसखस लावून पाठवू नये. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती सोबत नेणारा प्रवासी अडचणीत येतो. तिळाची ॲलर्जी नसेल, तर पांढऱ्या तिळावर थापावेत. असेल, तर काहीच न लावता तांदळाच्या कोरड्या पिठावर थापून तळावेत. डब्यात चिठ्ठी ठेवून त्यात तेलाचे नाव आणि सगळे घटक लिहावेत, म्हणजे मुलीला फोन करून विचारावे लागणार नाही.